घोड्यांचे गुरुजी : टॉम ड्रीपर

स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे असे मंडळात ठरले, तेव्हा संत, समाजसुधारक, देशभक्त यांची नावे भराभर वाटली गेली. मी घोडे तयार करणाऱ्या एका आयरिश शेतकऱ्याचे नाव सांगितले तेव्हा काही भगिनी हसल्या. हसण्यासारखेच ते आहे. घोड्यांच्या शर्यती म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे पैजा, जुगार आणि महिनाअखेरीस रिकामा झालेला डबा उभा राहतो. मुंबईच्या महालक्ष्मीचे आणि पुण्याचे रेसकोर्स आपल्याला ठाऊक आहे ते त्याच नात्याने. जुगाराची बाजू मी मुळीच घेत नाही. पण ज्या माणसाने सारे आयुष्य मुक्या जनावराच्या पायांवर हात फिरवण्यात घालवले, त्याची हकीकत जुगाराहून निराळी आहे, आणि तीच मला सांगावयाची आहे.

आपल्याकडच्या शर्यती सपाट मैदानावरच्या. टॉम ड्रीपर यांचे घोडे धावत ते अडथळ्यांच्या शर्यतींत. त्यांना स्टीपलचेस म्हणतात. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच निमुळता मनोरा. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात एडमंड ब्लेक आणि कॉर्नेलियस ओकॅलहन या दोन गृहस्थांनी बटेव्हंट गावच्या चर्चपासून डोनरेल गावच्या चर्चपर्यंत घोडे पळवले. दूरवर दिसणारा मनोरा हीच खूण, आणि वाटेत जे कुंपण, जो ओढा, जी दगडी भिंत येईल ती उडी मारून ओलांडायची. तेथून या शर्यतीचे नाव पडले असे मानतात. आता ठरलेल्या मैदानावर काटक्यांचे उंच अडथळे रचलेले असतात, काहींच्या अलीकडे खणलेला चर असतो, आणि दोन मैलांपासून सव्वाचार मैलांपर्यंत घोडा स्वाराला घेऊन धावतो. यात घोडे पडतात, स्वारांची हाडे मोडतात, कधी घोडा जिवालाही मुकतो. हे झाकून ठेवून मला पुढे लिहिता येणार नाही. ज्या माणसाला हे सारे ठाऊक आहे त्याने घोडा किती जपून तयार करावा, हाच तर या चरित्राचा गाभा आहे.

टॉम ड्रीपर यांचा जन्म १८९८ सालचा. डब्लिन शहराच्या उत्तरेस किलसॅलहन नावाचा खेड्यांचा भाग आहे, तेथील ग्रीनोग या शेतावर त्यांचे आयुष्य गेले. घराणे शेतकऱ्याचे. गुरे विकत घ्यावीत, हिरव्या कुरणावर पुष्ट करावीत आणि बाजारात विकावीत, असा तेथल्या शेतकऱ्यांचा व्यवहार. टॉम यांनी तो पुढेही सोडला नाही. जगभर नाव झाल्यावरही ते स्वतःला आधी शेतकरी समजत. तरुणपणी हौशी स्वार म्हणून ते शर्यतींत उतरत. १९३० च्या सुमारास ते दुसऱ्यांचे घोडे सांभाळून शर्यतीसाठी तयार करू लागले. यालाच ट्रेनर म्हणतात. घोडा मालकाचा, स्वारी जॉकीची; पण घोड्याने काय खावे, किती धावावे, कोणत्या शर्यतीत उतरावे आणि कोणत्या दिवशी तबेल्यातच विसावा घ्यावा हे ठरवणारा ट्रेनर. शाळेत मूल आईबापांचे असते पण घडते मास्तरांच्या हाताखाली, तसेच काहीसे.

आता या मास्तरांची रीत पाहा. त्यांच्या तबेल्यात घोडे फार नसत. जेवढ्यांकडे स्वतःला लक्ष देता येईल तेवढेच ठेवायचे. इतर ठिकाणी घोड्यांना लांबलांब पल्ल्याने दामटतात. हे आपल्याच शेतातल्या गवतावर त्यांना थोडकीच दौड देत, आणि ती घोड्याला हवीहवीशी वाटत असतानाच थांबवीत. अडथळ्यावरून उडी मारण्याचा सराव मात्र नेमाने करून घेत. उडी नीट शिकलेला घोडा दमत नाही आणि पडत नाही, हे त्यांचे गणित. उन्हाळ्यात शर्यतींचा हंगाम संपला की घोडे कुरणात मोकळे सोडायचे. कोवळ्या वयात घोड्याला जुंपायचे नाही. सपाट शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच पळू लागतो. अडथळ्यांचा घोडा सात-आठ वर्षांचा होईतो खरा पिकत नाही. तोवर थांबण्याचा धीर मालकाला नसतो, ट्रेनरला असावा लागतो. ड्रीपर यांच्यापाशी तो भरपूर होता.

माझ्या माहेरी शर्यतीचा घोडा कोठून असणार, पण बैलजोडी होती. वडील रोज संध्याकाळी जू उतरल्यावर बैलांच्या पायांवरून वरून खालपर्यंत हात फिरवीत. कोठे ऊन लागते का, सूज आहे का, हे हाताला कळते. घोड्याच्या पायाचेही तसेच आहे. त्याच्या पुढच्या पायाच्या शिरेत किंचित ऊब आली तरी ती दुखापतीची पहिली खूण असते, आणि त्या दिवशी जो घोडा पळवला जातो तो पुढे वर्षभर उभा राहतो. म्हणून ट्रेनरचा दिवस घोड्याच्या पायांपाशी सुरू होतो. हे वाचले आणि मला तो डब्लिनकडचा माणूस अगदी ओळखीचा वाटला.

त्यांचे नाव प्रथम झाले ते प्रिन्स रीजंट या घोड्यामुळे. मालक होते जे. व्ही. रँक, इंग्लंडातले पिठाच्या गिरण्यांचे मोठे धनी. १९३५ साली जन्मलेला हा घोडा ऐन भरात आला आणि नेमके दुसरे महायुद्ध पेटले. आयर्लंड युद्धात उतरले नव्हते, तेथे शर्यती चालू राहिल्या. पण इंग्लंडात घोडा नेण्याची सोय राहिली नाही, आणि मोठ्या शर्यती तर इंग्लंडात. १९४२ साली प्रिन्स रीजंटने आयरिश ग्रँड नॅशनल जिंकली. त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली. घोड्याचे तारुण्य ते किती! शेतकऱ्याला पेरणीचा पाऊस चुकला म्हणजे जे वाटते तेच ड्रीपर यांना वाटले असेल. युद्ध संपले आणि १९४६ च्या मार्चमध्ये चेल्टनहॅम येथील गोल्ड कपसाठी घोडा इंग्लंडात गेला तेव्हा तो अकरा वर्षांचा झाला होता. तरी त्याने तो कप जिंकला. चेल्टनहॅमचा गोल्ड कप म्हणजे या शर्यतींतला सर्वांत मानाचा. त्यात सर्व घोड्यांवर जवळपास सारखेच ओझे असते, म्हणून तेथे खरा कस लागतो.

त्यानंतर काही आठवड्यांतच तो लिव्हरपूलजवळ एन्ट्री येथील ग्रँड नॅशनलमध्ये उतरला. ओझ्याची ही गोष्ट भगिनींना समजावून सांगते. पुष्कळ शर्यतींत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात आणि कमी प्रतीच्या घोड्यावर कमी, म्हणजे सर्वांना जिंकण्याची संधी राहते. स्वाराचे वजन भरले नाही तर खोगिरात शिसे घालतात. प्रिन्स रीजंटवर त्या दिवशी १७३ पौंड, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर किलो ओझे होते. शेवटच्या अडथळ्यापर्यंत तो पुढे होता. पण स्वार पडलेले मोकळे घोडे त्याच्या वाटेत घुटमळले, दम संपला आणि तो तिसरा आला. पुढल्या वर्षी त्याहून जास्त ओझे घेऊन चौथा आला. सासरी जी सून जास्त काम करते तिच्याच डोक्यावर आणखी काम येते, तसा हा न्याय! ड्रीपर यांनी या घोड्यावर जीव लावला होता. पुढे त्यांच्या तबेल्यात त्याहून मोठा घोडा आला तरी प्रिन्स रीजंटच श्रेष्ठ, असे ते कित्येक दिवस म्हणत राहिले.

१९४५ साली, वयाच्या सेहेचाळिशी-सत्तेचाळिशीत, त्यांनी लग्न केले. पत्नीचे नाव बेटी. त्या वयाने पुष्कळ लहान, आणि स्वतः घोड्यावर बसणाऱ्या, घोड्यातले जाणणाऱ्या होत्या. जिम हा मुलगा आणि दोन मुली असा त्यांचा संसार झाला. तबेला म्हणजे नुसते घोडे नव्हेत. चंदी किती आली, नालबंदाचे किती द्यायचे, कोणत्या शर्यतीसाठी कोणत्या तारखेच्या आत नाव पाठवायचे, मालकांना पत्रे, नोकरांचे पगार, आल्यागेल्याचा चहा. टॉम मितभाषी, कागदाला कंटाळणारे. कागदपत्रांचा आणि माणसांचा सारा भार बेटीबाईंनी उचलला. थोर पुरुषांच्या चरित्रात अशा बाया एका ओळीत आटोपतात. येथे एक गोष्ट जाता जाता सांगते. शेजारच्या इंग्लंडात तर बाईला ट्रेनरचा परवानाच मिळत नसे. बायका प्रत्यक्ष घोडे तयार करीत आणि परवाना मात्र तबेल्यातल्या एखाद्या पुरुष नोकराच्या नावावर असे. फ्लॉरेन्स नेगल नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई त्यासाठी कोर्टात गेल्या, तेव्हा कोठे १९६६ साली तेथल्या जॉकी क्लबने हात टेकले.

असो. ड्रीपर यांच्या घोड्यांवर बसणारा मुख्य स्वार पॅट टाफ. हा उंच, शांत माणूस १९५० च्या आसपास त्यांच्याकडे आला आणि शर्यती सोडीपर्यंत त्यांचाच राहिला. मालक, ट्रेनर आणि स्वार यांची वर्षानुवर्षे अशी घडी बसणे त्या धंद्यात दुर्मिळ. आयरिश ग्रँड नॅशनल ही ईस्टरच्या सोमवारी फेअरीहाऊस येथे होणारी शर्यत ड्रीपर यांच्या घोड्यांनी दहा वेळा जिंकली. त्यांतल्या सात तर १९६० ते १९६६ अशा ओळीने! ऑलिंपिया, फोर्ट्रिया, केर्फोरो, लास्ट लिंक, आर्कल, स्प्लॅश आणि फ्लाइंगबोल्ट, दर वर्षी निराळा घोडा. एकच हुशार पोर वर्गात असले तर गुरुजींचे श्रेय किती असा प्रश्न पडतो. पण सात वर्षे सात निराळी पोरे पहिली आली तर काय म्हणावे?

आता आर्कलची गोष्ट. खरे तर तीच सांगण्यासाठी मी पेन हाती घेतले.

डब्लिनच्या उत्तरेलाच मालाहाऊ नावाच्या शेतावर बेकर कुटुंब राहात असे. मेरी बेकर या बाईंची ब्राइट चेरी नावाची घोडी होती, ती ड्रीपर यांच्याच हाताखाली धावून गेली होती. तिला १९५७ च्या एप्रिलमध्ये शिंगरू झाले. ते तीन वर्षांचे झाल्यावर १९६० साली डब्लिनच्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या डचेस अ‍ॅन यांनी ११५० गिनींना विकत घेतले. या बाई मूळच्या कॉर्ककडच्या. इंग्लंडातल्या एका अतिश्रीमंत ड्यूकशी लग्न होऊन सहा वर्षांत विधवा झाल्या होत्या. स्कॉटलंडातल्या त्यांच्या इस्टेटीवर आर्कल नावाचा डोंगर आहे, तेच नाव त्यांनी घोड्याला दिले. म्हणजे जिने पोसला ती बाई, जिने घेतला ती बाई, आणि ज्या घरी तो वाढला तेथली घरधनीण बेटीबाई. माझ्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे.

घोडा ग्रीनोगला आला तेव्हा कोणी तोंडात बोट घातले नाही. तो मागचे पाय फाकून चाले, अंगाने अजून भरलेला नव्हता. ड्रीपर यांनी घाई केली नाही. १९६१ च्या डिसेंबरात प्रथम त्याला एका लहान शर्यतीत उतरवले, तेथे तो तिसरा आला. १९६२ च्या जानेवारीत नॅव्हन येथे टाफ हा तबेल्यातल्या केर्फोरो या नामांकित घोडीवर बसला आणि आर्कलवर लियम मॅक्लाफलिन हा दुसरा स्वार. चिखलातून आर्कलच पहिला आला! आपल्या हातून काय घडते आहे हे त्या दिवशी गुरुजींना प्रथम कळले असावे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चेल्टनहॅमला उंच अडथळ्यांवर तो प्रथम धावला आणि वीस घोड्यांच्या लांबीने जिंकला. पण इंग्लंडात त्या वेळी दुसऱ्याच घोड्याचा डंका वाजत होता. त्याचे नाव मिल हाऊस. प्रचंड देहाचा, १९६३ चा गोल्ड कप मारलेला. गंमत अशी की हाही जन्माने आयरिश, आणि त्याला लहानपणी उड्या शिकवणाऱ्यांत पॅट टाफ हाच होता. १९६३ च्या नोव्हेंबरात न्यूबरी येथे दोघांची गाठ पडली. शेवटून तिसऱ्या अडथळ्यापलीकडे आर्कलचा पाय घसरला आणि तो तिसरा आला. मिल हाऊस जिंकला. इंग्लंडातल्या लोकांना वाटले, वाद मिटला. ड्रीपर यांनी काही वाद घातला नाही. घोडा घरी आणला, दाणा-वैरण नेहमीची, दौड नेहमीची.

७ मार्च १९६४ रोजी गोल्ड कपला चारच घोडे होते, पण पाहणाऱ्यांच्या लेखी दोनच. सव्वातीन मैलांची शर्यत. मिल हाऊस पुढे आणि आर्कल त्याच्या मागे, तोंड वर काढून जणू आणखी जोरात न्या म्हणून हट्ट करीत. टाफने त्याला आवरून धरले. शेवटच्या दोन अडथळ्यांशी दोघे बरोबर आले. मिल हाऊसला चाबूक बसू लागला आणि आर्कल पाच लांबीने निघून गेला. सगळे आयर्लंड वेडे झाले. त्यानंतर त्या महिन्याच्या अखेरीस तो १६८ पौंड घेऊन आयरिश ग्रँड नॅशनलही जिंकला.

मग एक अशी गोष्ट झाली की तिला तोड नाही. आर्कल ज्या शर्यतीत उतरेल तेथे त्याच्यावर सर्वांत जास्त ओझे, आणि त्यामानाने बाकीच्या सर्वांवर इतके कमी की हिशेबच जुळेना. तेव्हा आयर्लंडात दोन याद्या करू लागले : आर्कल धावणार असेल तर एक, तो नसेल तर दुसरी. एका घोड्यासाठी नियम बदलावा लागला! १९६५ चा गोल्ड कप त्याने वीस लांबीने जिंकला. त्याच वर्षी सँडाउनला मिल हाऊसपेक्षा सोळा पौंड जास्त घेऊन त्याने तेथल्या वेळेचा विक्रम सतरा सेकंदांनी मोडला. १९६६ च्या गोल्ड कपात प्रेक्षकांसमोरचा अडथळा त्याने चक्क छातीने फोडला; पडेल म्हणून लोकांनी श्वास रोखला, तो मात्र काही झालेच नाही अशा ऐटीत पुढे गेला आणि तीस लांबीने जिंकला. ओळीने तीन गोल्ड कप.

स्वभावाने म्हणाल तर गरीब. लहान मुले खुशाल पाठीवर बसवावीत. कान टवकारून माणसांकडे पाहात उभा राही, जणू आपल्यासाठीच ही मंडळी जमली आहेत हे त्याला ठाऊक. त्याच्या रोजच्या चंदीत ओट, कच्ची अंडी आणि गिनेस नावाच्या काळ्या बिअरच्या दोन बाटल्या मिसळीत. आपल्या संस्कारांना हे जरा चमत्कारिक वाटेल, पण तेथे ते पौष्टिक म्हणून चाले. नुसते आर्कल, आयर्लंड एवढेच लिहिलेली पत्रे टपालखाते बिनचूक ग्रीनोगला पोचवी. पाहायला येणाऱ्यांची रीघ लागे. ज्या शेतकऱ्याला गर्दी नको असे त्याच्या दारात ही जत्रा!

याच काळात त्याच तबेल्यात फ्लाइंगबोल्ट होता. तो तांबूस, तोंडावर पांढरा रुंद पट्टा, आणि स्वभाव आर्कलच्या अगदी उलट, जवळ जावे तर लाथ झाडील. १९६६ साली चेल्टनहॅमला त्याने दोन मैलांची मोठी शर्यत जिंकली, दुसऱ्याच दिवशी लहान अडथळ्यांच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत तिसरा आला, आणि पुढे साडेबारा स्टोन म्हणजे १७५ पौंड घेऊन आयरिश ग्रँड नॅशनल मारली. जाणते लोक गुण देतात त्यांत आर्कलला २१२ आणि फ्लाइंगबोल्टला २१०. त्या शर्यतींच्या इतिहासात एवढे गुण दुसऱ्या कोणाला नाहीत, आणि हे दोघे एकाच अंगणात! ड्रीपर यांनी एकदा दोघांना शेजारी शेजारी उड्यांच्या सरावाला सोडले. दोघेही ईर्षेला पेटले, मागे हटेनात, दोन्ही घोडे आणि स्वार कामास येतात की काय अशी वेळ आली. त्यानंतर ते पुन्हा कधी त्यांना एकत्र पळवले नाहीत, शर्यतीत तर नाहीच. कोण मोठा ते कायमचे राहून गेले. पैशाच्या आणि नावाच्या दृष्टीने केवढा तमाशा झाला असता! पण दोन कर्तबगार मुलांना एकमेकांविरुद्ध उभे करू नये, हे या शहाण्या माणसाला कळत होते. फ्लाइंगबोल्टला पुढे ब्रुसेला हा गुरांचा रोग जडला आणि त्याचे तेज गेले. तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही.

आर्कलला एन्ट्रीच्या ग्रँड नॅशनलमध्ये कधीही पाठवले नाही. डचेसबाईंनी ठाम नकार दिला. त्या शर्यतीत चाळीस-चाळीस घोड्यांची गर्दी, आणि पुढचा पडला तर मागचा त्याच्यावर. घोडा माझा आहे आणि तो मला हवा आहे, एवढाच त्यांचा विचार. मला त्यांचे हे फार पटते.

तरीही जे व्हायचे ते झालेच. १९६६ च्या नोव्हेंबरात न्यूबरीला आर्कल अर्ध्या लांबीने हरला. जिंकणाऱ्या घोड्यापेक्षा त्याच्यावर पस्तीस पौंड, म्हणजे सोळा किलो अधिक होते. नंतर २७ डिसेंबरला केंप्टन पार्क येथे मोठी शर्यत होती. एका अडथळ्याशी त्याचे खूर खालच्या आडव्या लाकडावर आपटले. तो धावत राहिला. उडी अवघडत होती, चाल नेहमीची नव्हती, तरी शेवटपर्यंत पुढे होता, आणि अगदी थोडक्यात दुसरा आला. उभा राहिला तेव्हा पाय टेकवेना. खुराच्या आतले हाड मोडलेले होते. मोडक्या पायाने तो किती अडथळे ओलांडून आला हे कळल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले. पाय प्लास्टरमध्ये घालून दोन महिने त्याला तेथेच ठेवले. माणसांना येतात तशी त्याला पत्रे आणि भेटी येत होत्या.

हाड जुळले. घोडा घरी आला, पुढे पुन्हा थोडी थोडी दौड सुरू झाली. सारे आयर्लंड वाट पाहात होते. येथे ट्रेनरची खरी परीक्षा. घोडा धावू शकत होता, पण पूर्वीसारखा नाही. एखादी सोपी शर्यत जिंकवून लोकांच्या टाळ्या घेता आल्या असत्या. ते केले नाही. १९६८ च्या ऑक्टोबरात त्याची निवृत्ती जाहीर झाली. पस्तीस शर्यतींपैकी सत्तावीस जिंकून तो डचेसबाईंच्या किल्डेअरमधील शेतावर राहावयास गेला. पण पाय आणि सांधे दुखू लागले, उभे राहणे जड झाले, आणि ३१ मे १९७० रोजी वयाच्या तेराव्या वर्षी त्याला शांतपणे झोपवण्यात आले. त्याचा सांगाडा आज किल्डेअर येथील राष्ट्रीय अश्वपैदास केंद्राच्या संग्रहालयात उभा आहे.

ड्रीपर यांच्या नशिबातली एक उणीव सांगायची राहिली. एन्ट्रीची ग्रँड नॅशनल त्यांना कधीच मिळाली नाही. गिरणीवाले रँक १९५२ साली वारले आणि त्यांचे घोडे विकले गेले. त्यांतला अर्ली मिस्ट हा ड्रीपर यांच्या हातून दुसऱ्या ट्रेनरकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ती शर्यत जिंकला. दुसरी गोष्ट तर हसावे की रडावे अशी. डचेसबाईंचाच फॉइनेव्हन नावाचा एक घोडा ग्रीनोगला होता. एवढा आळशी की शर्यतीत पडला तर उठायचे सोडून पडल्या जागी चरू लागे! कंटाळून त्याला विकून टाकले. १९६७ च्या ग्रँड नॅशनलमध्ये तेविसाव्या अडथळ्याशी एक मोकळा घोडा आडवा गेला आणि पुढचे सगळे घोडे एकमेकांवर आदळून थांबले. फॉइनेव्हन पार मागे रेंगाळत होता. तो बाजूने आला, मोकळ्या जागेतून उडी मारली आणि एकटाच पुढे निघून जिंकला. एकास शंभर असा भाव होता त्याचा. तो अडथळा आजही फॉइनेव्हनच्या नावाने ओळखला जातो.

आर्कल गेल्यावरही तबेला थांबला नव्हता. १९६८ साली फोर्ट लेनी या घोड्याने गोल्ड कप आणला. मध्यंतरी हृदयाच्या त्रासामुळे त्याचे धावणे बंद होते की काय अशी स्थिती झाली होती. धीर धरून, विश्रांती देऊन ड्रीपर यांनी त्याला उभे केले होते. हा त्यांचा पाचवा गोल्ड कप. १९७१ साली ब्लॅक सीक्रेट हा घोडा घेऊन त्यांचा वीस वर्षांचा मुलगा जिम ग्रँड नॅशनलमध्ये उतरला. घोडा बापाने तयार केलेला, स्वार मुलगा. शेवटच्या सरळ वाटेवर पाच घोडे एकमेकांना लागून आले, आणि जिम केवळ मानेच्या अंतराने दुसरा ठरला. ती शर्यत या घराला इतकी जवळ पुन्हा आली नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस टॉम ड्रीपर यांनी परवाना सोडला. वय झाले होते, प्रकृती साथ देत नव्हती. १९७२ च्या आरंभापासून तबेला जिमच्या नावावर झाला. पोरसवदा ट्रेनरकडे मालकांनी घोडे ठेवावेत काय, असा प्रश्न कोणी विचारला असता तर नवल नव्हते. डचेसबाईंनी आपले घोडे तेथेच ठेवले. १९७५ च्या मार्चमध्ये चेल्टनहॅमला इतका पाऊस झाला होता की मैदानाचा नुसता चिखल. त्या चिखलात डचेसबाईंच्या टेन अप या घोड्याने गोल्ड कप जिंकला. ट्रेनर जिम ड्रीपर. ही बातमी म्हाताऱ्या टॉमना कळली. पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये, ते वारले. त्या वर्षीची आयरिश ग्रँड नॅशनलही जिमच्याच तबेल्यातल्या ब्राउन लॅडने घरी आणली होती.

— एक सभासद